ससे सगळ्यात शेवटी आणा: नागपूर परिसरात लहान ससेपालन आणि मांसविक्री नियमात बसवण्याचा क्रम

ससेपालनाची चौकशी करायला येणाऱ्या बहुतेकांच्या अंगणात ससे आधीच आलेले असतात. पिंजरे लागलेले, माद्या गाभण, आणि प्रश्न एकच: "आता विकायचे कसे?" कागदपत्रं, कत्तलीची जागा, गिऱ्हाईक यांतलं काहीच ठरलेलं नसतं. तोवर पिल्लं दोन किलोची होतात, रोज खाद्य खातात आणि एकेक करून ओळखीपाळखीत फुकट जातात, नाहीतर उन्हाळ्यात मरतात.

म्हणून हा क्रम सविस्तर देतोय. पाच ते पंधरा माद्या ठेवून शहरात किंवा गावात स्थानिक पातळीवर मांस विकू पाहणाऱ्या घरासाठी तो आहे. याहून मोठ्या युनिटचे नियम वेगळे.

आधी एक हिशेब मनात पक्का करा. मादी भरल्यापासून 30 ते 32 दिवसांत वीत होतं. त्यापुढे पिल्लू कत्तलीयोग्य व्हायला तीन महिने. म्हणजे नर-मादी एकत्र आल्यापासून पहिलं मांस हाती येईपर्यंत साधारण चार महिने जातात. सरकारी कागदांना कधी कधी यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून कागद आधी, ससे नंतर.

टप्पा 1: आपण कोणता ससा पाळतोय, हे कायद्याच्या भाषेत समजून घ्या

शेतात, धुऱ्यावर दिसणारा रानससा वेगळा आणि पिंजऱ्यातला पाळीव ससा वेगळा. रानससा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहे. तो पकडणं, पाळणं, विकणं, सगळंच गुन्हा. पाळीव ससा युरोपातल्या सशाच्या कुळातला, शास्त्रीय नाव ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. आपण पाळतो ते सोव्हिएत चिंचिला, न्यूझीलंड व्हाइट, व्हाइट जायंट, ग्रे जायंट हे सगळे याच जातीचे.

हा फरक कागदावर दिसलाच पाहिजे. पकडलेल्या रानसशाला पिंजऱ्यात घालून "पैदाशीचा" म्हणून विकणारे भेटतात. रंग मातकट, कान लांब, अंग सडपातळ, पाय लांब आणि माणूस दिसला की जिवाच्या आकांताने धडपडणारा ससा असेल तर हात लावू नका. दुसरी खूण पिल्लांची: रानसशाची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात, पाळीव सशाची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली असतात.

दुसरा गोंधळ जुन्या बातमीचा. 2014 साली केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मांसाच्या व्याख्येत ससा नाही म्हणून त्याच्या कत्तलीला परवानगी नाही, असं कळवलं होतं. पुढे दुरुस्ती होऊन पाळीव ससा त्या यादीत आला. पण ते जुनं पत्र अजून मोबाईलवर फिरतं आणि काही वेळा तालुक्याच्या ठिकाणीही कोणीतरी तेच दाखवून परत पाठवतं. अर्ज करायला जाताना मांस-पदार्थांच्या मानकांचा सुधारित उतारा छापून सोबत न्या. वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं.

तपासा: ससे कुठून घेतले त्याची पावती, जातीचं नाव, विकणाऱ्याचा पत्ता. या तीन गोष्टी नसतील तर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

टप्पा 2: गिऱ्हाईक आधी मोजा

दहा माद्या धरा. नागपूरच्या उन्हाळ्यात पैदास थांबवावीच लागते, म्हणून मादीमागे वर्षाला चार वीत, आणि प्रत्येक वितातून जगून मोठी होणारी पाच पिल्लं धरली तर दोनशे ससे होतात. म्हणजे आठवड्याला चार. दोन किलोच्या सशाचं मांस निम्म्याच्या थोडं वर, एक किलोच्या आसपास भरतं.

आठवड्याला चार किलो मांस कायम घेणारी माणसं तुमच्याकडे आहेत का? हॉटेलवाल्याचं "आणा, बघू" हे गिऱ्हाईक नव्हे. सावजी जेवण करून देणारे घरगुती व्यवसायवाले किंवा शेतावर पार्टीसाठी जेवण पुरवणारे लोक अशांशी बोला, दर आणि वार ठरवा, निदान वहीत लिहून घ्या. हलाल हवं का, हेही तेव्हाच विचारा, कारण कत्तलीची पद्धत त्यावर ठरते.

थांबा: "ससे आमच्याकडून घ्या, पिल्लं आम्हीच परत विकत घेऊ" असा करार कोणी पुढे केला, तर आधी त्यांचं मांस कुठे कापलं जातं आणि कुठे विकलं जातं ते दाखवायला सांगा. दाखवता येत नसेल तर तिथे मांसाचा धंदा नाही, पैदासजोड्या विकण्याचा धंदा आहे. असं युनिट घेऊन कर्जात गेलेली घरं आपल्याच जिल्ह्यात मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं, कारण त्यांनी जनावरांची मेहनत मनापासून केलेली असते.

टप्पा 3: जागा आणि स्थानिक परवानगी

महापालिका हद्दीतल्या रहिवासी ले-आउटमध्ये, प्लॉटच्या मागच्या बाजूला कत्तल करायचा विचार सोडून द्या. चार ससे पाळले तर शेजारी काही म्हणणार नाहीत. कत्तल सुरू झाली की पहिली तक्रार तिथूनच जाईल आणि ती रास्त असेल.

हिंगणा, कळमेश्वर, कामठी, मौदा या बाजूला शेतात शेड टाकत असाल तर तीन ठिकाणी विचारा:

1. ग्रामपंचायत: शेड आणि कत्तलीची खोली, दोन्हींसाठी वेगवेगळा ना-हरकत दाखला मागा. नुसता "ससेपालनास हरकत नाही" असा दाखला पुढे कामाला येत नाही. लोक इथेच चुकतात.
2. बांधकामाची परवानगी: शहराभोवतीची बरीच गावं नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहेत. तुमचा खसरा (जमिनीचा सर्व्हे क्रमांक) त्यात येतो का ते आधी पाहा.
3. पशुवैद्यकीय दवाखाना: पशुधन विकास अधिकाऱ्यांना जागा दाखवा. पुढे कत्तलीपूर्व तपासणीसाठी याच दवाखान्याकडे यावं लागणार आहे. ओळख पहिल्या दिवसापासून असू द्या.

जागा सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावाची असेल (बहुतेक वेळा वडिलांच्या) तर संमतीपत्र लागतं. ते स्टॅम्पपेपरवर करून ठेवा.

टप्पा 4: अन्न नोंदणी, आणि नऊचा आकडा

नुसते जिवंत ससे पाळून विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्न नोंदणी लागत नाही. ज्या क्षणी तुम्ही कापून मांस विकता, त्या क्षणी तुम्ही अन्न व्यावसायिक होता.

अर्ज केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' या पोर्टलवर करायचा. 2011 च्या परवाना व नोंदणी नियमावलीत छोट्या व्यावसायिकासाठी वार्षिक उलाढालीची आणि कत्तलीसाठी दिवसाला 10 लहान जनावरांपर्यंत अशी मर्यादा घातली आहे. त्याच्या आत असाल तर साधी नोंदणी पुरते. शुल्क वर्षाला 100 रुपये. त्यापुढे राज्य परवाना लागतो आणि त्याची कागदपत्रं बरीच वाढतात. अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवर दिसणारी मर्यादा आणि शुल्क एकदा पडताळून घ्या.

आता नीट वाचा, कारण इथे दोन नियम एकमेकांना लागून उभे आहेत. अन्न नियम म्हणतो, दहापर्यंत साधी नोंदणी. पण प्राणी क्रूरता प्रतिबंधक (कत्तलखाना) नियम, 2001 मध्ये दिवसाला दहा किंवा त्याहून अधिक जनावरं कापली जातात ती जागा कत्तलखाना ठरते. म्हणजे तुम्ही बरोबर दहा कापले, तर अन्न नोंदणीच्या मर्यादेत राहूनही दुसऱ्या नियमाच्या व्याख्येत जाता. माझा सल्ला सरळ आहे: कोणत्याही दिवशी नऊच्या वर जाऊ नका. सणाच्या आदल्या दिवशी पंधराची मागणी आली तर दोन दिवसांत विभागा.

नऊपर्यंत राहिलात म्हणून बाकी नियम सुटत नाहीत. जागा महापालिका हद्दीत असेल तर तिथे कत्तलीची जागा मान्य आहे का, हे पालिकेचा पशुवैद्यकीय विभाग ठरवतो. हद्दीबाहेर असाल आणि मांस शहरात विकायचं असेल तर विकणाऱ्या दुकानाचीही स्वतंत्र नोंदणी हवी. दुकानातच कापून देण्याची पद्धत कोंबडीच्या बाबतीत आपण रोज पाहतो. तिचा दाखला सशासाठी देऊ नका.

अर्जात पुढच्या चुका सारख्या होतात:

- व्यवसायाच्या प्रकारात फक्त "किरकोळ विक्री" निवडली जाते. कत्तल आणि विक्री दोन्ही नोंदवा.
- पत्ता घराचा टाकला जातो. पत्ता कत्तलीच्या खोलीचा हवा, कारण तपासणी तिथेच होणार.
- ससा "लहान जनावर" या गटात धरलाय का, हे कोणी विचारत नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात लेखी अर्ज देऊन हे विचारा आणि आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा.

नोंदणी अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून 7 दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची सूचना द्यायची असते. सूचना आली की घाबरू नका, पण कत्तलीची खोली (टप्पा 5 प्रमाणे) तयार असू द्या.

तपासा: अन्न नोंदणीचा 14 अंकी क्रमांक हातात आला? ग्रामपंचायतीचा कत्तलीसाठीचा दाखला आला? पाण्याचा तपासणी अहवाल आला? तिन्ही झाल्याशिवाय ससे आणू नका.

टप्पा 5: कत्तलीची खोली

दहा फूट बाय बारा फूट पुरे. फरशी न घसरणारी आणि नालीकडे उतार असलेली. भिंतींना धुता येणारी टाइल. खिडक्यांना माशांची जाळी, दाराला आपोआप मिटणारं जाळीचं पान. वाहतं पिण्यायोग्य पाणी. बोअरचं पाणी असेल तर त्याची प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. हात धुण्याची सोय अशी की नळ कोपराने उघडता यावा.

खोलीचे मनातल्या मनात दोन भाग करा: रक्त आणि कातडीची बाजू, आणि स्वच्छ मांसाची बाजू. सुरी, पाट, बादली कधीही इकडून तिकडे जाता कामा नये. सुऱ्यांच्या मुठींना दोन रंगांची पट्टी गुंडाळली की घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहतं.

जिवंत सशांचा पिंजरा खोलीबाहेर, आडोशाला. एका जनावरासमोर दुसऱ्याला कापायचं नाही, हे 2001 च्या नियमात स्पष्ट आहे. आणि नियम नसता तरी तसंच करायला हवं. ससा घाबरला की तडफडतो, त्याचं हाड मोडतं, मांस काळवंडतं.

टप्पा 6: शेड, आणि नागपूरचा उन्हाळा

सशाला घाम येत नाही. तो कानांतून आणि श्वासातून उष्णता टाकतो. तीस अंशांच्या वर त्याचा त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. नवतपात (मे अखेरच्या अतिउष्ण नऊ दिवसांत) पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले ससे दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान पटापट मरतात.

म्हणून पत्रा टाकलाच तर त्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाड थर द्या, पश्चिमेला झाडी किंवा भिंत हवी, आणि कूलर एका टोकाला, हवा बाहेर जायला दुसरं टोक उघडं. कूलर लावून शेड बंद केली तर दमट हवेने उलट जास्त त्रास होतो. शेवटचा पर्याय: पाण्याच्या बाटल्या गोठवून दुपारी पिंजऱ्यात आडव्या ठेवा, ससे त्यांना टेकून बसतात.

एप्रिलच्या मध्यापासून पावसाळा स्थिर होईपर्यंत माद्या भरू नका. उन्हाने नर तात्पुरता वांझ होतो आणि पाऊस पडला तरी पूर्ववत व्हायला साधारण दोन महिने लागतात. "जूनमध्ये भरली, पण गाभणच राहत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. मादीचा दोष नसतो.

पिंजरा मोठ्या सशाला अडीच फूट बाय दोन फूट, उंची दीड फूट. जाळी गुळगुळीत हवी आणि एका कोपऱ्यात लाकडी फळी, नाहीतर टाचांना जखमा होतात. मूत्राचा वास डोळ्यांना झोंबू लागला म्हणजे सशांची फुप्फुसं आधीच बिघडत चालली आहेत.

टप्पा 7: आता ससे आणा

योग्य महिना सप्टेंबर. पाच-सहा महिन्यांचे, आठ-दहा माद्या आणि दोन नर, आणि नर वेगळ्या रक्ताचे. शिंका, ओलं नाक, कानात कोरडी खपली, मागचा भाग हगवणीने भरलेला, यांतलं काही दिसलं तर तो ससा परत करा. आणल्यावर तीन आठवडे बाकी जनावरांपासून दूर ठेवा.

भरताना मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची. उलट केलं तर मादी आपली जागा राखायला नराला फाडते. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोटाला हलका हात लावून गाभण तपासता येते, पण ते शिकल्याशिवाय करू नका. सत्ताविसाव्या दिवशी पेटी ठेवा, आत कोरडं गवत. डिसेंबरात इथे रात्री चांगलीच थंडी पडते आणि उघडी पिल्लं पेटीबाहेर ओघळली की सकाळपर्यंत राहत नाहीत.

खाद्यात गोळी खाद्याबरोबर लसूणघास, बरसीम, थोडं तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार. सुबाभूळ अगदी थोडी, कारण तिच्यातलं मिमोसिन जास्त झालं की केस गळतात. ओला चारा आदल्या दिवशी कापून सुकवून द्या.

टप्पा 8: नोंदवही (हीच तुमची खरी परवानगी)

कत्तलखाना नियमांत तीन महिन्यांखालचं जनावर, गाभण मादी आणि तीन महिन्यांखालची पिल्लं असलेली मादी कापायला मनाई आहे. तुमची जागा त्या व्याख्येत येत नसली तरी पशुवैद्यक याच कसोटीवर बघतात. तुम्हीही तीच धरून चला.

इथे दोन चुका होतात. पहिली: खाद्याच्या तक्त्यांवर "12 आठवड्यांत तयार" असं छापलेलं असतं आणि लोक त्या दिवशी कापतात. 12 आठवडे म्हणजे 84 दिवस, तीन महिने भरलेले नाहीत. 95 दिवसांआधी ससा कत्तलीच्या पिंजऱ्यात घालूच नका.

दुसरी चूक म्हाताऱ्या मादीची. सतत वितणाऱ्या मादीची कोणती ना कोणती पिल्लं कायम तीन महिन्यांखालची असतात. तिला काढायचं असेल तर आधी भरणं बंद करा, शेवटचं वीत तीन महिन्यांचं होऊ द्या, मग काढा. हे महिने खाद्यखर्चात आधीच धरा.

वहीत दर सशामागे एवढं हवं: कानाचा क्रमांक, आई-बापाचे क्रमांक, जन्मतारीख, दिलेलं औषध आणि तारीख, कत्तलीची तारीख, मांसाचं वजन, कोणाला विकलं. औषधाचा रकाना रिकामा ठेवू नका. खरजेवर आयव्हरमेक्टिन किंवा रक्ती हगवणीवर सल्फा दिलं असेल तर ते मांसात उतरतं. किती दिवस थांबायचं ते पशुवैद्यकाकडून विचारून "या तारखेआधी कापू नये" अशी तारीख लाल शाईने लिहा. पिंजऱ्यालाही तीच चिठ्ठी बांधा.

टप्पा 9: कत्तलीचा दिवस

पहाटेची वेळ ठेवा. आदल्या रात्रीपासून खाद्य बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत सुरू. सकाळी पशुवैद्यकाची तपासणी आणि सही.

बेशुद्ध करण्याची पद्धत पुस्तकातून किंवा मोबाईलवर बघून शिकू नका. सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रशिक्षणाची विचारणा करा आणि जाणत्याच्या हाताखाली दोन-तीन वेळा करून पाहा. पहिल्या प्रयत्नात जनावर पूर्ण बेशुद्ध झालं पाहिजे. ज्याचा हात थरथरतो त्याने हे काम घेऊ नये, घरात दुसरं कोणी करेल.

बेशुद्धीनंतर रक्त पूर्ण निथळू द्या. कातडी काढताना केसांची बाजू मांसाला लागू देऊ नका. पोट उघडताना आतडं आणि मूत्राशय फुटता कामा नये. पित्ताची पिशवी हलकेच वेगळी करा.

मग काळीज (यकृत) उजेडात धरा. त्यावर पांढरट-पिवळसर गाठी असतील तर तो कॉक्सिडियाचा रोग. पोटातल्या पडद्यावर पाण्याने भरलेले बारीक फुगे असतील तर ते कुत्र्याच्या पट्टकृमीचे. असं काही दिसलं की तो ससा विक्रीतून बाजूला काढा आणि पशुवैद्यकाला दाखवा. शंका असेल तर घरातही खाऊ नका.

तपासा: काम करणाऱ्याला जखम, ताप किंवा हगवण असेल तर त्याला त्या दिवशी खोलीत घेऊ नका. वर्षातून एकदा सर्वांचं वैद्यकीय प्रमाणपत्र करून घ्या.

टप्पा 10: थंड करणं आणि विक्री

धुऊन निथळलेलं मांस लगेच फ्रीजमध्ये, 4 अंश किंवा त्याखाली. गरम मांस एकावर एक रचू नका, मधलं मांस तासन् तास कोमट राहतं आणि तिथूनच वास सुरू होतो. कापल्यावर लगेच शिजवलेला ससा चिवट लागतो, एक रात्र थंडीत ठेवलेला मऊ होतो. गिऱ्हाईक परत येतं की नाही, हे अनेकदा या एका रात्रीवर ठरतं. गोठवायचं असेल तर उणे 18 अंश, आणि एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

पाकिटावर "पाळीव सशाचे मांस" हे नाव, मांसाहाराची तपकिरी त्रिकोणाची खूण, निव्वळ वजन, कत्तलीची तारीख, वापराची शेवटची तारीख, गट क्रमांक (बॅच नंबर), तुमचं नाव-पत्ता आणि 14 अंकी नोंदणी क्रमांक. गट क्रमांक वहीतल्या नोंदीशी जुळला पाहिजे.

शहरात पोहोचवताना थर्माकोलच्या पेटीत बर्फ, आणि पेटी दुचाकीवर उन्हात उभी करून गप्पा मारायला थांबायचं नाही. महावीर जयंती, गांधी जयंती अशा दिवशी महापालिका मांसविक्री बंदचे आदेश काढते. त्या तारखा कत्तलीच्या वेळापत्रकात आधीच खोडून ठेवा.

टप्पा 11: कचरा

आतडी आणि रक्त यांसाठी विहीर-बोअरपासून लांब, झाकण असलेला खोल खड्डा. दरवेळी चुना आणि माती. कातडी घेणारा भेटला तर मीठ लावून ठेवा, नाहीतर तीही खड्ड्यात.

आतडी कुत्र्यांपुढे टाकण्याची सवय गावोगाव आहे. वर सांगितलेले पाण्याचे फुगे त्यातूनच येतात: कुत्रा ते खातो, त्याच्या पोटात पट्टकृमी वाढतो, त्याच्या विष्ठेतून अंडी चाऱ्यावर पडतात आणि तोच चारा सशाच्या पोटात जातो. लसूणघासाच्या वाफ्याला तारेचं कुंपण घाला आणि खड्ड्याचं झाकण रोज संध्याकाळी बघा.